आंबट लागेल ती अंबाडी

घाबरायला सुरेशला कारण लागत नाही. रस्त्यावरच्या वेग टिपणाऱ्या रडारचा उजेड दुसऱ्याच्या गाडीवर पडला तरी हा घरी येऊन स्वतःच्या नावावर दंड पडलाय का ते बघतो. त्यामुळे त्या गुरुवारी ऑफिसातून आल्या आल्या त्याने दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "विभा, ती अंबाडी आजच्या आज उपटून टाक," तेव्हा मी पोळी लाटायची थांबलेसुद्धा नाही.

आम्ही दुबईत अल कुसैसला एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर लखनौची तहसीन आणि तिचं कुटुंब. फाटकाशी नूरुद्दीन, वॉचमन, केरळचा. अंगण आमच्या वाट्याचं, पण तिथली माती इतकी खारट की तीत कडुनिंबही कुरकुरत वाढतो. म्हणून मी हट्टाने रास अल खोरच्या बाजारातून जुन्या पॅलेटच्या फळ्या आणवल्या आणि कंबरेएवढ्या उंचीचे दोन लांबरुंद वाफे करून घेतले. त्यांत गोडी माती, शेणखत, सगळं विकतचं. मेथी झाली, टोमॅटो झाले, पण जीव अडकला होता तो अंबाडीत.

माझं माहेर बालाघाटाच्या डोंगराकडेला. ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली अंबाडी, वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि भाकरी, यापुढे मला पंचपक्वान्न नको. दुकानात आंध्रवाल्यांचा गोंगुरा मिळतो, पण तो लाल देठाचा, त्याला आमच्या अंबाडीची चव नाही. शेवटी जुलैत शुभ्रा, माझी लेक, सुट्टीत मामाकडे गेली होती, तिच्याबरोबर माझ्या धाकट्या भावाने, रामेश्वरने, घरच्या बियांची पुडी पाठवली. ऊन उतरल्यावर पेरली. अशी तरारून आली की काय सांगू. बी कोणी एकट्याने ठेवत नाही, तसं माझ्या आईने शिकवलेलंच नाही. दसऱ्याला तिकडे लांब रुवैसहून माझी धाकटी मैत्रीण स्वप्नाली आली होती, तिलाही मूठभर बांधून दिलं.

आता अंबाडीचं पान मोठेपणी पाच बोटांसारखं फाटतं आणि कडा कातरलेल्या असतात. गांजाच्या पानाशी त्याचं साम्य आहे, हे मी नाकारत नाही. पण साम्य तर माझं आणि माझ्या नणंदेचंही आहे.

झालं होतं असं. तहसीनचा दीर तिच्याकडे पाहुणा आला होता. त्याने वरच्या बाल्कनीतून वाफ्यांचा फोटो काढला आणि हसत हसत तो दोघातिघांना दाखवला. ते नूरुद्दीनच्या कानावर गेलं. त्याने बिचाऱ्याने संध्याकाळी सुरेशला साधं विचारलं, साब, वो कौनसा पौधा है. आणि माझा नवरा, बावीस वर्षं लॉजिस्टिक्समध्ये काढलेला माणूस, चक्क म्हणाला, "पालक."

"पालक?" मी विचारलं. "कंबरेएवढा पालक?"

"पटकन सुचलं नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. इथे चोरीच नव्हती, तरी चांदणं पडलं होतं. मी त्याला म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला. तो म्हणाला, इथे डर आधी येते आणि कर मागून. कोणी एक फोन केला तर पोलीस येतील, झाड लॅबमध्ये जाईल, रिपोर्ट येईपर्यंत आपण आत. ऑफिसला कळलं की नोकरी खलास, नोकरी गेली की व्हिसा, शुभ्राचं बारावीचं वर्ष. आणि समज चुकून खरंच तसलं निघालं, तर मग वर्षानुवर्षं तुरुंग आणि नंतर कायमची हकालपट्टी.

"चुकून कसं निघेल? माझ्या माहेरचं बी आहे," मी म्हणाले.

शुभ्रा कानातला इअरफोन काढून म्हणाली, "आई, टू बी फेअर, इट लुक्स एक्झॅक्टली लाइक वीड." मी तिच्याकडे असं बघितलं की तिने तो परत कानात घातला.

खरं तर फूल आलं असतं की वाद मिटला असता. अंबाडीचं फूल पिवळं, मध्ये जांभळट डोळा, ते आंधळ्यालाही ओळखू येईल. पण फुलाला अजून वेळ होता आणि सुरेशला दम नव्हता. फाटकाबाहेर गाडी थांबली की तो पडदा सारून बघायचा. पार्सलवाल्याने बेल दाबली तर हातातला चहा सांडला. मला म्हणे, वाफ्यापाशी काहीतरी उग्र वास येतो. मी म्हटलं, शेणखत आहे, अत्तर नव्हे. साप साप म्हणून भुई धोपटायची ही कसली हौस.

पण त्याची तगमग हळूहळू मलाही लागली. कपडे वाळत घालताना माझीच नजर वर बाल्कनीकडे जायला लागली. तहसीन जिन्यात भेटली की नेहमी थांबून बोलायची, ती आता "अस्सलाम भाभी" करून सटकायची. माझ्याच अंगणात मी चोरासारखी वावरतेय, याचा मला संताप आला. आणि संताप आला की मी गप्प बसत नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळीच वर गेले आणि तहसीनला सांगितलं, उद्या दुपारी सगळे जेवायला या, ज्याचा फोटो काढलात तेच खाऊ घालते. नूरुद्दीनलाही बोलावलं. सुरेश कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, उद्यापासून तू सुखाने झोपशील, बघ.

शनिवारी सकाळी टोपली घेऊन अंगणात गेले. आमच्यात अंबाडी चाखल्याशिवाय खुडत नाहीत. जून झाड तुरट होतं आणि एकाच तुरट झाडाने सबंध भाजी बिघडते, म्हणून प्रत्येक झाडाचं एक पान आधी दाताखाली धरायचं. आई तसंच करायची, मीही करते. एरवी घरापुरती भाजी पुढच्या ओळींतच निघायची. आज पाहुणे होते, म्हणून खोक्यावर चढून पार भिंतीकडच्या ओळीत हात घातला.

आंबट. आंबट. हे जरा जून, पण आंबट.

मग कोपऱ्यातल्या एका झाडाचं पान चावलं आणि वाट बघत राहिले. आंबटपणा आलाच नाही. कडवट, चिकट, हिरवा दर्प तोंडभर पसरला. मी थुंकले. दुसरं पान घेतलं, तेच. वाकून नीट पाहिलं. बाकीच्या झाडांच्या खोडावर बारीक काटे होते, याला नव्हते. पानं अरुंद, करवतीसारखी, आणि बोटांना जो वास राहिला तो शेणखताचा नव्हता. तो सुरेश म्हणत होता तो वास होता.

खोक्यावरून उतरून मी वाफ्याच्या कडेवर टेकले आणि त्या फळीला धरून राहिले. वर बाल्कनीत तहसीनचे टॉवेल वाळत होते.

फोन काढला आणि बोटिम ॲपवर रामेश्वरला लावला. तो उचलतो तो नेहमी मोठ्या आवाजात, आजही तसाच. बोला ताईसाहेब म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं की कोपऱ्यातलं एक झाड आंबट लागत नाही.

त्याचा आवाज एकदम खाली आला. माझ्या भावाला हळू बोलताना मी वडील गेले तेव्हाच ऐकलं होतं.

"पाला रुंद हाय का बारीक, करवतीवानी?" त्याने विचारलं.

"करवतीसारखा."

"उपट ते, ताई. आन फोनवर कायबी बोलू नगंस."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी नाव घेतलं नव्हतं, त्यानेही घेतलं नाही. डाळिंबाच्या उत्पन्नावर माझ्या भावाने बंगला बांधला, हे मी इथे दुबईभर सांगत फिरले होते.

"घरच्या बियात ते आलं कसं?" मी विचारलं.

"अंबाडीत दडतंय म्हनून संगंच पेरतो. डब्यात मिसळूनच ठिवलेलं अस्तंय. शुभ्रा निघाली तवा घाई झाली, त्याच डब्यातून काढून दिलं. माझ्या ध्यानातच आलं नाय गं."

मला सगळ्यात आधी विमानतळ आठवला. शुभ्रा कानात गाणी घालून, एका खांद्यावर बॅग टाकून, रमतगमत बाहेर येत होती. कस्टम्सच्या माणसाने तिच्या पुढच्या मुलाला बाजूला घेतलं होतं आणि ती तशीच पुढे चालत आली होती. मी काचेपलीकडून हात करत होते, चल गं, यल्ला, किती वेळ.

"रामेश्वर," मी म्हणाले, "ती पुडी तू माझ्या पोरीच्या बॅगेत घातलीस."

तो "ताई, ताई" करत राहिला. मी फोन बंद केला. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता, आणि तेवढ्या रागातही मला भाजी निवडायची होती, कारण पाहुणे येणार होते.

झाड मुळासकट उपटलं. कचऱ्याच्या पेटीत टाकायचं तर ती रस्त्यावर, घरात न्यायचं तर घरात शुभ्रा. शेवटी खुरप्याने तिथेच तुकडे केले, वाफ्यात हात जाईल तेवढा खड्डा खणून पुरलं आणि वर शेणखत ओतलं. मग उरलेल्या प्रत्येक झाडाचं पान पुन्हा चावलं. जीभ सोलवटली, दात आंबले, पण एकही सोडलं नाही. टोपलीतली भाजीसुद्धा पान पान हुंगून घेतली.

जेवण झालं. कसं झालं ते माझं मलाच नीट आठवत नाही. तहसीनने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अरे, ये तो खट्टी है." तिचा दीर ओशाळून हसला, त्याने माझ्यासमोर फोनमधला फोटो पुसला. नूरुद्दीनने भात घेऊन दोनदा भाजी घेतली आणि आमच्याकडेही असलीच आंबट पालेभाजी असते म्हणाला. सुरेशचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झाला होता. सगळ्यांदेखत तो म्हणाला की बायकोचं ऐकायला हवं होतं, मीच उगाच घाबरलो. सगळे हसले. मीही हसले. जिंकूनही मी ताट अर्धंच टाकून उठले.

पाहुणे गेल्यावर शुभ्रा तिच्या खोलीत गेली आणि सुरेश भांडी आवरायला लागला, गुणगुणत. ते गुणगुणणं मला सहन होईना. मी नळ सोडला आणि त्या आवाजाआड त्याला सगळं सांगितलं. झाड, डबा, रामेश्वर, शुभ्राची बॅग. मला वाटलं हा आता कोसळेल, नाहीतर "मी म्हणत होतो" तरी म्हणेल. माझी ते ऐकून घ्यायची तयारी होती.

त्याने हातातलं पातेलं सावकाश खाली ठेवलं. शुभ्राच्या बंद दाराकडे पाहिलं. मग नळ आणखी मोठा केला आणि विचारलं, "उरलेलं बी?"

"इथेच, फडताळातल्या डब्यात आहे."

"आणि कोणाला दिलंस?"

"स्वप्नालीला." स्वप्नालीचा नवरा नीलेश रुवैसच्या रिफायनरीत आहे. कंपनीचं घर, फाटकाला कंपनीची सिक्युरिटी, पाळण्यात सहा महिन्यांचं बाळ. माझ्यासारखाच वाफा करणार म्हणून इथून जाताना किती खुशीत होती ती.

सुरेश म्हणाला, तिला नुसतं सांग की रोग पडलाय, सगळं उपटून टाक. भावाचं नाव कशाला. मीही तेच ठरवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. स्वप्नाली बाळाला कडेवर घेऊन समोर आली आणि मी काही बोलायच्या आत फोन वळवून तिने वाफाच दाखवला. ताई, बघा, तुमच्या माहेरची अंबाडी. उद्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्या सगळ्या बायकांना जेवायला बोलावलंय म्हणाली, तुमच्याच पद्धतीने करणार, कण्या घालून.

उपट म्हटलं असतं तर तिने उपटली नसती. एवढी तरारलेली अंबाडी रोग पडला म्हणून मी तरी उपटली असती का? निदान उद्याची भाजी तरी तिने आधी खुडून घेतलीच असती.

"स्वप्नाली, प्रत्येक झाडाचं एक पान चावून बघ," मी म्हणाले. "माझ्यासमोर. आणि गिळू नकोस."

ती हसली, पण माझा चेहरा बघून तिने बाळाला खाली सतरंजीवर ठेवलं. पान तोडलं. आंबट, म्हणाली. पुढचं. आंबट. सुरेश माझ्या मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पुढचं. आंबट. ओळ संपत आली. मग तिने एक पान चावलं, थांबली आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, हे कडू लागतंय."

"थुंक ते आणि झाड उपट. तसलंच आणखी एखादं असेल, पुढची सगळी चाख."

"पण हे आहे काय?"

मी सुरेशकडे पाहिलं नाही. फोनवर नाव घ्यायचं नसतं, म्हणून झाडाचं नाव घेतलं नाही. भावाचं घेतलं. म्हणाले, माझा रामेश्वर डाळिंबं लावत नाही, स्वप्नाली, हे लावतो, आणि मी ते तुझ्या घरात आणून ठेवलं.

तिला कळायला क्षणभर लागला. मग फोन तसाच खाली पडला. पडद्यावर नुसतं आभाळ दिसत होतं, बाळ कुठेतरी रडत होतं, आणि मुळं तुटल्याचा आवाज येत होता, एकामागून एक. ती चाखत नव्हती. सगळंच उपटत होती.