पंखाखालचा नंबर

उद्या लष्कराच्या लोकांसमोर ट्रायल, आणि आज पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये प्राणेश पोट धरून हसत होता.

"अरे निहार, हे काय लिहिलंस!"

ड्रोन टेबलावर उलटा पडलेला. पंखाखाली जाड काळ्या मार्करनं, निहारच्याच अक्षरात: सापडल्यास फोन करा. पुढे नंबर.

कधी लिहिलं, निहारला आठवेचना. पंख चिकटवला, वाळला, हात आपोआप गेला असणार.

"जाऊन आदळणार आणि फुटणार हा. डोंबल सापडणार?" प्राणेश म्हणाला. "का शत्रूच फोन करेल? साहेब, तुमचं विमान आमच्या रणगाड्यात घुसलंय, घेऊन जा."

निहारलाही हसू फुटलं. शाळेत असताना दोघं टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची विमानं करायचे. वारा आला की विमान गल्ल्या ओलांडून कुणाच्या तरी गच्चीवर. नंबर असायचा म्हणून परत यायचं. फोन प्राणेशची आई घ्यायची, वासंतीअक्का. विमान आणून देणाऱ्याला ती कॉफीशिवाय सोडायची नाही. "स्वल्प थांबा हो, डिकॉक्शन उतरतंय." एकदा एक बसकंडक्टर तुटलेलं शेपूटसुद्धा पेपरात गुंडाळून घेऊन आला होता. वर सॉरी म्हणाला, जणू त्यानंच तोडलं.

हसता हसता प्राणेश वाकला. नंबर वाचला.

त्याच्याच घरचा जुना लँडलाइन होता तो. निहारकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून सगळ्या विमानांवर हाच. अक्का गेली, मग फोनही काढून टाकला.

"पूस ते," प्राणेश म्हणाला. "आणि भागीदारीचं काय? आज सांगणार होतास."

निहार मार्करचं टोपण काढघाल करत राहिला.

"हे बघ," प्राणेश म्हणाला, "एका क्षेपणास्त्राच्या खर्चात असे ढिगानं उडतात. बरेच पाडले तरी एखादा पोचतोच. आपली पोरं पुढे जायची वाचतात. चूक आहे का यात?"

"चूक कुठे म्हणतोय? कुणीतरी करायलाच हवं. पण दिवसभर पंख चिकटवताना मी हा परत सुखरूप उतरवायचा कसा, तेच बघत होतो रे. उद्याची ट्रायल करून देतो. पुढचं माझ्याच्यानं नाही होणार."

प्राणेश कानडीत "सरी, ठीक आहे" म्हणाला, फडक्यावर स्पिरिट ओतलं आणि स्वतःच पुसायला बसला. फोमचा पंख, जरा दाबला की वाकतो. निहारनं पलीकडून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.