सुई मागितली की सगळं दुकान

मी इंडेक्स बोलतोय. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. शिवणयंत्राचे सुटे भाग विकणाऱ्या एका वेबसाइटच्या पोटात मी राहतो. कोणता शब्द कोणत्या वस्तूच्या माहितीत आलाय, ते मांडून ठेवायचं हे माझं काम. तुम्ही वरच्या चौकटीत 'पट्टा' लिहिलंत की मी पट्टे पुढे करतो. शाळा मी पाहिली नाही. शब्दाचा अर्थ मला विचारू नका, पत्ता विचारा.

मला बनवलं दुकानवाल्या बाईंच्या जावयाने, सासूवर छाप पाडायला. तेव्हा मी सडसडीत होतो. विचारायची खोटी, उत्तर हजर.

मग बाई स्वतः माल चढवू लागल्या. जन्म काउंटरवर गेलेला. पट्टा घ्यायला आलेल्याला सुई दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्यांची रीत. तीच इथे आणली. प्रत्येक वस्तूखाली एक लांबण चिकटवली: 'आमच्याकडे सुई, बॉबिन, पट्टा, शटल, तेल सगळं मिळेल.'

झालं. कुणी 'सुई' म्हटलं की सगळं दुकान हात वर करायचं. तेलाची बाटलीसुद्धा. त्या गर्दीतून खरी सुई वर काढता काढता मी मेटाकुटीला यायचो. तोवर गिऱ्हाईक पसार.

जावई म्हणाला, "दमलाय हा. काढून टाकतो, दुसरा बसवू."

माझं धाबं दणाणलं. पण मला तोंड आहे ते फक्त उत्तरापुरतं.

वाचवलं त्याच्या बायकोने. ती मागे उभी राहून स्क्रीन बघत होती.

"अरे, तेल शोधलं तर पट्टा कशाला आला?"

"तुझ्या आईने लिहिलंय तसं खाली."

"मग सांग ना तिला."

"मी? मला या घरात जेवायचंय."

"काय कुजबुज चाललीये जावईबापू?" बाई दारातच.

त्याने घसा साफ करत सांगितलं.

"म्हणजे मी फार बोलते, असंच ना?"

"नाही आई, तुम्ही बोला. फक्त याला ऐकू जाणार नाही असं करतो."

बाई हसत सुटल्या. चष्मा काढून डोळे पुसले. "तुमचे सासरे जन्मभर तेच करत आलेत."

मग त्याने ती लांबण वेगळ्या खणात टाकली. पानावर दिसते, लोक वाचतात, माझ्याकडे येत नाही. मला रिकामं करून नव्याने भरलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

बाईंनी स्वतः 'सुई' लिहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत नुसत्या सुया. "एवढ्याच?" म्हणाल्या, पण खुर्ची सोडेनात. बॉबिन शोधलं, शटल शोधलं, पुन्हा सुई. लेकीने चहा गार झाल्याचं सांगितलं, तरी हलल्या नाहीत. दुसऱ्या इंडेक्सचं नाव आता कुणी काढत नाही.

तुम्हाला एकच सांगणं. ज्या वस्तूबद्दल लिहाल, तिच्याबद्दलच लिहा. बाकी मी बघतो. आणि आता बाजूला व्हा, कुणीतरी टाइप करतंय, दोन अक्षरं झालीसुद्धा.