जामीनदार

“आयसीयूत आहेत की वॉर्डात?” सुमेधानं विचारलं आणि मी कपाळाला हात लावला.

अगं बाई, गिऱ्हाईक आलंय, माल दे आणि मोकळी हो! पण नाही. अठरा वर्षं समोरच्या इस्पितळात आयाबाई होती ना, सवय जाते कुठं.

“वॉर्डात. धनी हायेत माझे,” समोरची बाई म्हणाली. जालन्याकडची, नाव मीराबाई.

“मग बादली नका घेऊ, तिथं मिळते. चटई, थर्मास आणि पाण्याचा मग. बास.”

स्टुलावर पतपेढीचे हितेंद्र साहेब बसून सगळं बघत होते. सुमेधाच्या दुकानाचा पहिला दिवस, दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नव्हतं, आणि आता भवानी होतेय तर ही बया सामान कमी करत होती! कर्जाची अर्धी रक्कम मिळाली होती, उरलेली साहेबांच्या अहवालावर. ती अडली तर उधारीवर माल देणारा व्यापारी संध्याकाळी टेम्पो लावून सगळा माल उचलून नेणार. आणि जामीनदार कोण? मी, राजाराम तांडेल, शेजारचा छत्रीवाला. माझी ठेव पतपेढीत तारण म्हणून अडकलेली.

मीराबाई पैसे देऊन गेली. साहेबांनी फॉर्म काढला. मी चहा सांगितला.

चहा संपायच्या आत मीराबाई परत आली. सगळं सामान छातीशी धरलेलं, थर्मासचं खोकंसुद्धा उघडलेलं नव्हतं.

“माघारी घेता का, बाई? आता न्हाई लागत.”

कुणाला काही विचारावं लागलं नाही.

सुमेधानं गल्ला उघडला तसा मी तिच्या कानाशी लागलो. “भवानी परत देतेस? पहिल्याच दिवशी? खुळी की काय तू गो! निदान साहेब जाईस्तोवर तरी थांब.” सांगायला लाज वाटते, पण बोललो खरा.

“मी तसलं मानत नाही, भाऊ.” तिनं पैसे मीराबाईच्या हातात ठेवून मूठ मिटवली. “सोबत कोण आहे?”

“कुनी न्हाई. पोरगा गाडीत बसलाय, पोचंल रातीपत्तुर.”

“कागद कुठं करायचे, माहितीय?”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

सुमेधानं चपला पायात घातल्या. “साहेब, मी आले जाऊन. ह्यांना एकटीला तिथं कोण विचारणार नाही.”

साहेब “अहो, पण पाहणी...” म्हणेपर्यंत तिनं आम्हा दोघांना बाहेर काढलं, शटर ओढलं, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि त्या बाईचा दंड धरून रस्ता ओलांडायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“बंद दुकानावर ‘सुरू’ कसं लिहू, तांडेल?” साहेब म्हणाले. “आणि अशा बाईला तुम्ही जामीन राहिलात? दुसरी रक्कम अजून दिलेली नाही. अंग काढून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा. ठेव सुटेल तुमची.”

खोटं कशाला बोलू, ‘काढून घेतो’ अगदी ओठांवर आलं होतं. ती ठेव म्हणजे माझं म्हातारपण.

समोर फाटकावर वॉचमननं मीराबाईला अडवलं. काठीच आडवी धरली. सुमेधा त्याच्यावर अशी काही खेकसली की तो बाजूला झाला. दोघी आत गेल्या. मला एकदम भरून आलं. माझी आई त्याच इस्पितळात वारली तेव्हा मला कोणी असं आत नेलं नव्हतं.

मी शटर वर केलं. माझ्या दुकानाशी एक गृहस्थ मोडकी छत्री घेऊन ताटकळत होते, त्यांना उद्या या म्हटलं. थर्मास फळीवर ठेवला आणि सुमेधाच्या गल्ल्यावर जाऊन बसलो.

“लिहा साहेब. दुकान सुरू आहे.”

“आणि जामीन?”

“इथंच बसलाय.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात दारात एक तरुण मुलगी आली. डोळे सुजलेले. चटई केवढ्याला, म्हणाली.

मला एकाही वस्तूचा भाव ठाऊक नव्हता.