ब्रसेल्सच्या गाडीतल्या दोन जागा

खतं-औषधांच्या कंपन्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणतात, ते काही त्यांच्यावर जीव आहे म्हणून नव्हे. वर्षभरात ठरवून दिलेला माल उचला, मग जोडीनं युरोप बघून या, असा सरळ व्यवहार असतो. पिंपळगाव बसवंतच्या ललितरावांनी २००३ साली द्राक्षांच्या औषधांचा तेवढा माल उचलला, आणि मे महिन्याच्या अखेरीला बायकोला, म्हणजे साधनाला घेऊन ते विमानात बसले. बरोबर आणखी बारा जोडपी, सगळी जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यांची. स्वित्झर्लंडमध्ये बर्फ बघून प्रत्येकानं एकदा तरी म्हणून घेतलं, "हे आपल्याकडं पडलं तर बागांचं काय होईल!" माणूस कुठंही गेला तरी दुकान काही त्याच्या डोक्यातून जात नाही.

साधनाच्या डोक्यात मात्र दुकान नव्हतं. नाशकाजवळच्या मखमलाबादला, माहेरी, तिची आई अंबूबाई अंथरुणाला खिळली होती. जन्मभर पहाटे उठून शेवंती न् झेंडू तोडलेली ही बाई आता चमच्यानं पाणी पीत होती. निघायच्या आदल्या दिवशी साधना तिच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "मी नाही जात. त्यांना एकट्याला जाऊ दे."

"एकटा माणूस तिथं काय फोटू काढील का सोताचे? जा तू," अंबूबाई म्हणाली. "कधी येशील?"

"मंगळवारी तिकडून निघायचं. बुधवारी दुपारी थेट तुझ्याकडं येते, पिंपळगावला नंतर."

"बुधवार ना? मग बघते मी वाट."

एवढं बोलणं झालं होतं. साधनाला दहा दिवस त्या बोलण्याचाच ध्यास होता. बुधवारी दुपारी आईसमोर उभं राहायचं, बाकी ते मनोरे न् राजवाडे गेले खड्ड्यात.

मंगळवारी सकाळी पॅरिसच्या हॉटेलात सगळे बॅगा बांधून खाली आले, तर टूर मॅनेजरचं तोंड उतरलेलं. पेन्शनवरून देशभर संप झाला होता. रेल्वे बंद, बस बंद, जमिनीखालच्या गाड्या बंद, आणि विमानांना आभाळात वाट दाखवणारी माणसंसुद्धा घरी बसलेली. विमान रद्द. "उद्या बघू," तो म्हणाला. परदेशातही उद्या बघूच म्हणतात, हे ऐकून ललितरावांना जरा बरं वाटलं. "आपल्याकडं एसटीचा संप झाला तर काळीपिवळी जीप निदान टपावर बसवून तरी नेते," ते म्हणाले, आणि सगळे हसले. साधना हसली नाही.

तिनं घरी फोन लावायचा ठरवला. ललितराव म्हणाले, "लाव, पण संपाचं सांगू नको. त्यांना काय कळणार हे? उगाच आईंना घोर लागेल. एका दिवसाचा प्रश्न आहे." तिलाही ते पटलं. आजारी माणसाला वाईट बातमी कशाला द्यायची?

फोन भावानं उचलला. भिमाजी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, बापामागं बापाच्या जागी असलेला.

"दादा, आई कशी आहे?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग भिमाजी म्हणाला, "बरी हाय. निजलीय आता. तुमी निघाले का?"

"हे काय, विमानतळाकडंच निघालोय. उद्या दुपारी येतेच." खोटं बोलताना तिचा आवाज जरा चढला. "माणसांचा आवाज येतोय, कोण आलंय?"

"पाव्हणे हायेत. बरं, ये. नीट ये, घाई करू नको."

खरी गोष्ट साधनाला पुढं कळली, पण ती इथंच सांगून टाकलेली बरी. अंबूबाई त्याच दिवशी सकाळी गेल्या होत्या. फोन आला तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत चटईवर होत्या आणि माणसं जमली होती. फोनची घंटा वाजली तशी म्हातारी सखुबाई, भिमाजीची चुलती, पुढं होऊन म्हणाली, "वाटंतल्या माणसाला सांगायचं नाय बरं. परक्या मुलखात पोरीचं काही बरंवाईट झालं तर?" आपल्याकडं ही रीतच आहे. मरणाची बातमी घराच्या उंबऱ्यावर द्यायची, वाटेत नाही. भिमाजीनं रीत पाळली. आणि लेक उद्या दुपारी येतेय हे तिच्याच तोंडून ऐकल्यावर दुसरीही रीत पाळायची ठरलं: लेकीनं तोंड बघितल्याशिवाय, तिच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय आईला उचलायचं नाही. भिमाजीनं बर्फाच्या लाद्या मागवल्या.

इकडं मंगळवार गेला. हॉटेल गावाबाहेर होतं, आसपास नुसते रस्ते. बायकांनी चिवड्याच्या, रव्याच्या लाडवांच्या उरल्यासुरल्या पिशव्या एकत्र केल्या, पुरुषांनी पत्ते काढले. साधना दुपारी ललितरावांना घेऊन विमानतळापर्यंत पायी गेली, जायला दीड तास. आत माणसं बॅगांवर डोकी टेकून पडलेली, पोरं रडतायत, खिडकीपलीकडची मुलगी प्रत्येकाला तोच कागद दाखवतेय. कागदावर काय लिहिलंय ते साधनाला वाचता येत नव्हतं, पण मुलीनं मान हलवली त्यावरून कळलं. परत येताना तिच्या पायाला फोड आले.

बुधवारी सकाळी टूर मॅनेजर धावत आला. त्यानं कुठूनशी एक लहान गाडी मिळवली होती. ती सीमा ओलांडून बेल्जियममध्ये, ब्रसेल्सला जाणार, तिथं संप नाही, आणि तिथून दुपारच्या विमानात आठ जागा होत्या. बाकीच्यांना पॅरिसचं विमान उडेपर्यंत थांबावं लागणार. सगळेच ओरडायला लागले तेव्हा त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. चार चिठ्ठ्या निघाल्या. तिसरी ललितरावांची होती.

साधनानं देवाचे आभार मानले. गुरुवारी दुपारपर्यंत पोचू. एक दिवस उशीर, चालेल.

मग तिला मोहिनी दिसली. विंचूरच्या अमितची बायको, वयानं तिशीची. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला कावीळ झाली होती, घरच्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की पोर सारखी आईला हाका मारतेय. कालपासून मोहिनीनं अन्नाला हात लावला नव्हता. चिठ्ठी न निघाल्यावर ती भिंतीकडं तोंड करून जिन्याच्या पायरीवर बसली होती. रडतसुद्धा नव्हती.

साधना बराच वेळ तिच्याकडं बघत उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या जागा यांना देऊ या."

ललितराव चकित झाले. "नक्की? दहा दिवस तुझं आई-आई चाललंय."

"आई बरी आहे. दादानं कालच सांगितलं. तिचं पोर आजारी आहे हो."

ललितरावांना तिचं कौतुकच वाटलं, आणि कौतुक वाटण्यासारखंच ते होतं. मोहिनी तिच्या पाया पडायला लागली. साधनानं तिला उठवलं, आणि हॉटेलच्या कागदावर माहेरचा नंबर लिहून दिला. "पोरीचं कसं आहे ते कळवा मला. मी आल्यावर आठ दिवस आईकडंच असेन." गाडी निघाली तशी तिनं हात हलवला. आत कुठंतरी तिला बरंही वाटत होतं. आपल्या हातून काही चांगलं झालं, असं वाटायचे प्रसंग आयुष्यात कितीसे येतात?

त्या दिवशी घरी पुन्हा फोन लावायला ती दोनदा उठली. ललितराव म्हणाले, "ते समजतायत आपण मुंबईला उतरलो असू. आता फोन केलास तर त्यांच्या पोटात गोळा येईल." तिनं फोन लावला नाही.

गुरुवार गेला. शुक्रवारी विमान उडालं. शनिवारी सकाळी मुंबईहून केलेली गाडी मखमलाबादच्या गल्लीत वळली तेव्हा साधना खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली होती. ओट्यावर माणसं खाली मान घालून बसली होती. तिनं पाय जमिनीवर ठेवला आणि आत बायकांनी हंबरडा फोडला.

तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

बायकांनी तिला धरून आत नेलं. आईच्या खाटेची जागा सारवलेली होती आणि तिथं पणती जळत होती. साधना त्या सारवलेल्या जमिनीवर हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं भिमाजी शेजारी येऊन बसला.

"कधी?"

"मंगळवारी. सकाळी."

"मंगळवारी मी फोन केला होता दादा. तू म्हणालास निजलीय."

"वाटंतल्या मानसाला सांगू नाय, असं समदे म्हनले." भिमाजीनं तोंड पुसलं. "तू का नाय सांगितलं संप हाय म्हनून? आमी तुजी वाट बघितली ना. गल्लीत गाडी वाजली की माजं काळीज हलायचं. बुधवारी रातपत्तुर तू नाय आली. तुज्या दुकानातला भिकन कंपनीला इचारून आला, म्हनला, संप हाय, पन काही लोकं निघालेत, उद्या येतील. मंग बेस्तरवारी परत बर्फ आनला. चार वाजेस्तवर ठेवली. त्याच्यापुढं नाय ठेवता आलं बाई, लय ऊन व्हतं. तू का नाय सांगितलं?"

"आईला घोर लागेल म्हणून," साधना म्हणाली.

"आईला," भिमाजी म्हणाला, आणि त्यानं त्या सारवलेल्या जागेकडं बघितलं.

काही लोक निघालेत. ते काही लोक कोण, हे साधनाला चांगलं ठाऊक होतं. मोहिनीची मुंबईहून निघालेली गाडी गुरुवारी अकराच्या सुमाराला नाशकातून विंचूरकडं गेली असणार. अकरापासून चारपर्यंत पाच तास होतात. पाच तासांत मखमलाबादला चालत येता आलं असतं, फोड आलेल्या पायांनीसुद्धा. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ललितराव दारातच उभे होते आणि त्यांची नजर खाली होती. जागा सोडल्याचं दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण 'बरी हाय' म्हणालो म्हणून भिमाजी जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता, आणि तो आधीच पुरेसा मोडला होता.

"तुझ्या नावानं मी पाणी घातलं त्यांना," भिमाजीची बायको सविता हळूच म्हणाली. "साधना घालतेय म्हणून सांगितलं कानात." साधनानं मान हलवली. वहिनीचे उपकार मानावेत की तिचा हात झिडकारावा, हे तिला समजत नव्हतं.

रविवारी दुपारी फोन वाजला. सविता म्हणाली, "तुझा आहे, विंचूरहून."

"ताई, मोहिनी बोलतेय." आवाज आनंदानं नुसता उसळत होता. "कावीळ उतरतेय म्हणाले डॉक्टर. दोन दिवस पोरीनं माझा हात सोडला नाही बघा. आज पेज प्यायली. तुम्ही त्या दिवशी जागा दिली नसती तर माझं काय झालं असतं! मी देवाला रोज तुमचं नाव घेते. आई कशा आहेत तुमच्या? झाली ना भेट?"

सगळं घर ऐकत होतं. भिमाजी भिंतीला टेकून तिच्याकडंच बघत होता.

"झाली की," साधना म्हणाली. "वाटच बघत होती माझी. पोरीला जपा हं, तेलकट देऊ नका इतक्यात."

तिनं फोन ठेवला. आवाज कुठं अडकला नाही, जीभ कुठं अडखळली नाही. खोटं बोलणं किती सोपं असतं हे तिला त्या क्षणी कळलं, आणि आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडायला लागली.