मोहरीएवढी अफू

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. पाच वर्षांच्या जोतिबाची दाढ किडून गाल टम्म सुजला होता. पोर मोठं द्वाड. मागच्या खेपेला तासगावच्या दातांच्या डॉक्टरांचं बोट चावून पळालं होतं. डॉक्टरांनी त्याच्या आईला, मनुबाईला बजावलं, "पुढच्या वेळी गुंगीचं औषध पाजून दाढ काढू. सकाळपासून पोटात काही जाऊ देऊ नका."

मनुबाईची सासू अंबूबाई शब्दाला पक्की. दाढ काढायच्या दिवशी तिनं नातवाला पाणीसुद्धा दिलं नाही. पण लेकरू रडरड रडेल म्हणून जीव तुटत होता. सून न्हाणीत गेल्यावर तिनं उतरंडीतली जुनी डबी काढली आणि मोहरीएवढी अफू त्याच्या जिभेला लावली. शेतावर जाताना आपली सगळी पोरं तिनं अशीच निजवली होती. सुनेला हे खपत नसे, मग सांगायचं तरी कशाला?

सासू-सुना दोघी त्याला दवाखान्यात घेऊन आल्या. डॉक्टरांनी पेंगुळलेल्या जोतिबाकडे पाहिलं. "आज शहाणा झालाय की! घाबरला असता तर पूर्ण मात्रा लागली असती. आता अर्धी पुरे. काही दिलं नाही ना?"

"न्हाई जी, पाणीबी न्हाई," मनुबाई म्हणाली.

अंबूबाईनंही नकाराची मान हलवली. अफू काय खाण्यात धरतात होय?

औषध पाजलं, दाढ निघाली, पोरानं हूं की चूं केलं नाही. म्हातारी सुखावली. पण मग डॉक्टर त्याला हलवू लागले, गालावर चापट्या मारू लागले. श्वास फार सावकाश चालला होता. त्यांनी पापणी उचलून पाहिली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. "याला दुसरं काय दिलंय? खरं सांगा, त्यावर उतारा असतो!"

मनुबाईनं सासूकडे पाहिलं. अंबूबाई नातवाचे तळवे चोळू लागली. सुनेच्या देखत कसं सांगावं? पोराचे ओठ निळे पडले तेव्हा कुठं ती ओरडली, "अफू दिली गं म्या!"

"आजी, आधी बोलला असतात तर मी अफूवर गुंगीच्या औषधाचा थेंबही पाजला नसता," डॉक्टर म्हणाले.

उतारा सांगलीला होता. गाडी मिळाली, सांगलीही आली. जोतिबा तेवढा थांबला नाही.

मनुबाईनं सासूला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. पुढं तिला मुलगी झाली. मळ्यात जाताना ती लेकीला झोळीत बांधून बरोबर न्यायची. "ठेव की गं माझ्यापाशी," म्हणायला अंबूबाई तोंड उघडायची आणि मिटायची. ती डबी तिनं केव्हाच चुलीत घातली होती. सुनेला तेवढं सांगायचाही तिला धीर होत नसे.