पाठमोरं भाषण

कात्रीकाकांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर गिऱ्हाईक बसायचं आणि दुसरीवर वर्तमानपत्रं.

खरं तर दुसरी खुर्ची काकांच्या लेकीची. तीन वर्षांपूर्वी ती केस कापण्याचं काम शिकून आली, खुर्चीला नवं कातडं चढवलं, उशाशी पांढराशुभ्र टॉवेल ठेवला. पण गिऱ्हाइकं दारातून आत आली की त्यांची घाई एकदम कुठे पळून जायची कोण जाणे.

"काका, तुमचं होऊ दे सावकाश. मी बसतो बाकावर."

"अहो, ही मोकळीच आहे की!"

"हिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, काका. हिच्या हातात कात्री बघितली की पोटात गोळा येतो."

लेक हसायची, पण ते हसू दिवसेंदिवस आखूड होत चाललं होतं. शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, मोठ्या रस्त्यावरच्या सलूनवाल्या बाई बोलावतायत. सोमवारी फोन करणार आहेत. इथे टॉवेलच्या घड्या घालून घालून मला कंटाळा आलाय."

ज्यांची जीभ कधी टाळूला लागायची नाही ते काका गप्प बसले, तेव्हा काकू समजल्या की घाव वर्मी बसलाय.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या बाईंनी बोलण्याची संध्याकाळ ठेवली होती. तऱ्हा अशी की प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल बोलायचं. मागे पडद्यावर वीस चित्रं. दर पंधरा सेकंदांनी चित्र आपोआप बदलणार, कुणाचं बोलणं संपो न संपो. काकांनी लगेच नाव दिलं.

"तुम्ही? पाच मिनिटांत?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला 'या, बसा' म्हणायलाच पाच मिनिटं लागतात."

"अगं, सगळा गाव एका जागी बसणार. शेवटच्या चित्राला लेकीचं सांगून टाकतो. मग बघतो कोण बाकावर बसतो ते."

लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिनं आपली हौसेनं चित्रं काढून दिली. गिऱ्हाइकांना विचारून त्यांच्या डोक्यांचे मागून फोटो घेतले, कारण काका म्हणाले, "चेहरा काय, सगळेच बघतात. माणसाचं मागचं डोकं फक्त मी बघतो." शेवटचा फोटो रिकाम्या खुर्चीचा काढायला सांगितला तेव्हा तिनं भुवया उंचावल्या, पण काढला.

सराव दुकानातच झाला. बेकरीवाले खुर्चीत, काका मागे उभे, लेक घड्याळ धरून. काका असे बोलले की वाक्य संपायला आणि चित्र बदलायला एकच गाठ पडली. बेकरीवाल्यांनी चादरीच्या आतून टाळ्या वाजवल्या.

काकूंनी मात्र नाक मुरडलं. "तिथे आरसा नसेल हो."

"आरशाचं काय मधेच!" काका म्हणाले.

वाचनालयाचा हॉल भरला होता. नर्सबाई बोलल्या, पोस्टमन बोलला, मग काकांचं नाव पुकारलं. काका इस्त्रीच्या शर्टात वर गेले. दिवे मंद झाले, पडद्यावर पहिलं डोकं उमटलं आणि काका गर्रकन पडद्याकडे वळले.

चाळीस वर्षं ते माणसांशी बोलत आले होते ते असेच. माणूस पुढ्यात पाठमोरा, आणि नजर समोरच्या आरशात. लोकांकडे पाठ केलीये हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. हॉलमध्ये खसखस पिकली. काकांना वाटलं, रंगतंय.

"हे बेकरीवाल्यांचं डोकं. दोन भोवरे! एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे. यांच्या लग्नाच्या दिवशी काय झालं..."

लग्नाची गोष्ट निघाली आणि काका सुटले. चित्रं पुढे पळत होती. काकांची नजर पडद्यावर पण मन वरातीत असताना तिथे हेडमास्तरांचं टक्कल आलं, आणि काका म्हणत होते, "या केसांना आवरता आवरता माझा कंगवा मोडला." हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. हेडमास्तरही हसले. पहिल्या रांगेत लेकीनं तोंडात पदर कोंबला होता. काकूंनी कपाळाला हात लावला होता.

रिकामी खुर्ची पडद्यावर आली तेव्हा काका कुठे नवरीच्या मांडवात पोचले होते. खुर्ची पंधरा सेकंद थांबली, कुणाची वाट न बघता गेली. पडदा काळा झाला. घंटा वाजली.

काकांचा हात हवेतच राहिला. ते वळले. समोर एवढी माणसं, सगळ्यांचे चेहरे. जे सांगायला आलो होतो ते राहिलं, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. लोक टाळ्या पिटत होते. काकांना त्या ऐकूच येईनात.

"कुणाला काही विचारायचंय?" वाचनालयाच्या बाई म्हणाल्या.

घड्याळवाले उठले. हा माणूस भिंतीवरचं चित्र केसभर कललेलं असलं तरी जेवायचा नाही.

"काका, पाच मिनिटं तुम्ही आम्हाला पाठच दाखवलीत."

"चुकलं खरं," काका पुटपुटले.

"ऐका तर. मला दुसरं काही बघायलाच नव्हतं, म्हणून तुमची मान बघत बसलो. काय रेषा आहे! कानापासून कानापर्यंत सरळ. माझी मान तुम्ही कधी अशी केली नाहीत. आणि स्वतःची मान स्वतःला करता येत नाही. मग जाता कुणाकडे?"

काकांचा हात मानेमागे गेला.

"लेकीकडे. तीन वर्षं झाली."

एवढंच. तेवढ्यात मागून आवाज आला, "म्हणजे चांगली कात्री घरात ठेवलीत, आणि आम्हाला जुनी?" आणि हॉल पुन्हा फुटला. लेक खाली मान घालून बसली होती. मागच्या रांगेतली दोन माणसं तिचीही मान बघायला लागली.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा घड्याळवाले पायरीवर उभे. आत आले, दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून काकांच्या हातात दिली आणि बसले.

"आज घाई आहे वाटतं?" काकांनी टोमणा मारला.

"तुम्ही वाचा हो पेपर. मुली, रेषा तीच. वडिलांसारखी."

थोड्या वेळाने पोस्टमन आला. बाकावर टेकला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बसा निवांत. मी हिची वाट बघतो."

काकांना निवांत बसायची सवय नव्हती. त्यांनी बेकरीवाल्यांच्या लग्नाचा उरलेला मांडव काढला.

"काका," घड्याळवाले आरशातून म्हणाले, "पंधरा सेकंदांत."

तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं नाव पाहिलं. एका हातात कंगवा, दुसऱ्यात कात्री, घड्याळवाल्यांची मान अर्धी झालेली.

"बाबा, मोठ्या सलूनवाल्या बाई आहेत. तुम्हीच बोला ना."

"काय सांगू?"

तिनं मान वर केली नाही. "सांगा, मी कामात आहे. इथेच."

काकांनी फोन कानाला लावला. आख्खं दुकान कान टवकारून बसलं. आता काका पाल्हाळ लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ती कामात आहे," काका म्हणाले. "इथेच." आणि फोन ठेवला.