वादळाआधी उतरवलेला शेंडा

आभाळ तांबूस झाले होते. तापल्या ताम्रपात्रासारखे, निःशब्द, निर्वात. समुद्र शिशासारखा जड पडून होता. उद्या पहाटे चक्रीवादळ किनाऱ्याला भिडणार, असे सांगत जीप फिरून गेली, आणि सारी वाडी बांधाबांधीला लागली. कौलांवर जाळी चढली, होड्या वर ओढल्या गेल्या.

जनार्दन मयेकराच्या परसातला एक माड मात्र शेजारच्या शेवंतीच्या कौलांवर झुकून उभा होता. शेवंती तीन दिवसांची ओली बाळंतीण, तापाने फणफणलेली. शाळेतल्या निवाऱ्यापर्यंत तिला नेता येणार नव्हते.

तो माड जनार्दन-वासंतीच्या लेकीच्या, कुमुदच्या जन्माच्या वेळी लावलेला. कुमुद सातव्या वर्षी गेली. माड वाढत राहिला, हरितकेशी, दीर्घदेही, सागरसखा. वासंती रोज त्याच्या मुळाशी पाणी घाली. रोज खोडाला हात लावी.

"शेंडो काढूक होयो," तीच म्हणाली. शेंडा गेला की माडाला वारा धरत नाही; पण माड पुन्हा फुटतही नाही, उभ्या उभ्या मरतो.

"तुझ्यान बघवतला?"

"नाय. पण दोरी मी धरतंय."

दोन वर्षांपूर्वी जनार्दन पडला, तेव्हापासून त्याला माडावर चढायची तिनेच बंदी केली होती. आज तिनेच त्याच्या कमरेला कोयती खोवली.

तो चढला. एकेक झावळी, नारळांची एकेक पेंड दोरीला लटकत खाली आली. हिरवी, जड, हळुवार. वासंती दोरी सोडत राहिली, तळहात सोलवटत राहिले.

अकस्मात वारा जागा झाला. माड धनुष्यासारखा वाकला. लग्नानंतरच्या एकेचाळीस वर्षांत तिने नवऱ्याचे नाव उच्चारले नव्हते. ते आता तिच्या कंठातून सुटले.

"जनार्दन, खाली बघू नको."

तो थबकला. गाल खोडाला टेकवून हसला, आणि मग शेवटचा घाव घातला.

पहाटे वादळ आले. गरजले, घोंघावले, दुपारी ओसरले. शेवंतीच्या घराचे एक कौल हलले नव्हते. आत बाळ भुकेने रडत होते. शेवंतीचा तापही उतरला होता.

वासंतीने शेंड्यातला शुभ्र, दुग्धधवल गाभा चिरला. एक वाटी शेवंतीला दिली. मग ओट्यावर बसून एक तुकडा जनार्दनाच्या तोंडात घातला, एक आपल्या. दोघे सावकाश चावत राहिले. गाभा गोड होता, थंड होता. आणि समुद्रावरून येणारा ओला वारा आता नुसता वारा होता.